जुलाब थांबल्यानंतर : जीबीएसचा माग

(दृश्य : सिंहगड रस्ता, सकाळची वर्दळ. सोसायटीच्या फाटकातून आत वळणारा पाण्याचा टँकर.)

जानेवारी २०२५. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातून रुग्णालयांत एकाच तक्रारीची माणसं येऊ लागली. आठ-दहा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, ते थांबलेसुद्धा. आता पायांत जीव राहिलेला नाही. जिना चढवत नाही. खाली बसलं की उठताना भिंतीचा आधार लागतो. तळपायांना मुंग्या येतायत आणि कंबर ठणकतेय.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी निदान केलं गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. हा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. इथे एका शहराच्या एका कोपऱ्यातून रोज नवे रुग्ण येत होते. फेब्रुवारी संपेपर्यंत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि दहाहून अधिक मृत्यू नोंदले गेले.

बातम्यांनी त्याला ‘गूढ आजार’ म्हटलं. ते काही खरं नव्हतं. जीबीएसबद्दल वैद्यकशास्त्राला बरंच काही ठाऊक आहे. कोणत्या माणसाला होईल हे आधी सांगता येत नाही, पण एकाच वस्तीत इतक्या जणांना झाला तर शोध कुठे सुरू करायचा, हे नक्की सांगता येतं.

(दृश्य : तपासणीचा पलंग. गुडघ्यावर आपटणारी रबरी हातोडी. पाय हलत नाही.)

आधी आजाराची चाल बघू. अर्धांगवायूत शरीराची एक बाजू जाते आणि तीही अचानक. जीबीएस बहुतेक वेळा दोन्ही पायांत एकदम सुरू होतो आणि वर चढतो. पोटऱ्या, मांड्या, मग हात. काहींचा चेहरा सैल पडतो, डोळे नीट मिटत नाहीत, घास गिळताना ठसका लागतो. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला सगळं कळत असतं, ऐकू येत असतं.

घरात मात्र पहिले दोन दिवस असे जातात : जुलाबानं अशक्तपणा आलाय, नारळपाणी दे, एक सलाईन लावून घेऊ, तेलानं पाय चोळ. यात कुणाचा दोष नाही. जुलाबानंतर पाय लटपटणारच, असं कुणालाही वाटेल. पण जुलाबाचा थकवा दिवसागणिक उतरत जातो, आणि हा दिवसागणिक वर चढतो. काल कठडा धरून जिना चढलेल्या माणसाला आज खुर्चीतून उठवत नसेल, तर सलाईनची वेळ गेली. मेंदूविकारतज्ज्ञ आणि आयसीयू असलेलं रुग्णालय गाठायला हवं.

त्याचं कारण आहे श्वास. साधारण चारातल्या एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये जो स्नायूचा पडदा आहे, त्याच्या नसांपर्यंत आजार पोचला की श्वास उथळ होत जातो. आणि इथे कोविडनं शिकवलेली एक सवय आपल्याला फसवते. घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. ते ९७ दाखवतं आणि घरचे निर्धास्त होतात. जीबीएसमध्ये फुप्फुसं चांगली असतात, दमलेले असतात ते स्नायू. त्यामुळे तो आकडा खाली येतो तो अगदी शेवटी, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

म्हणून वॉर्डात एक जुनी, फुकटची तपासणी करतात. रुग्णाला सांगतात, खोल श्वास घ्या आणि त्याच एका श्वासात मोठ्यानं आकडे म्हणा. एक, दोन, तीन... धडधाकट माणूस तीस-चाळीसपर्यंत सहज जातो. रुग्ण पंधराच्या आतच थांबू लागला की डॉक्टर सावध होतात. उशीवरून मान उचलता येते का, खोकल्यात जोर आहे का, हेही बघतात. दर काही तासांनी, रात्रीसुद्धा. शिवाय नाडी आणि रक्तदाब. कारण आपल्या नकळत हृदय चालवणाऱ्या नसाही यात सापडतात आणि रक्तदाब कधी एकदम वर, कधी एकदम खाली जातो.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. पहिलं महायुद्ध, फ्रेंच लष्करी रुग्णालय.)

असं पायांकडून वर चढणारं लुळेपण फ्रान्सच्या जाँ लाँद्री यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे १९१६ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, फ्रेंच सैन्यातले डॉक्टर जॉर्ज गुलेन, जाँ-अलेक्सांद्र बारी आणि आंद्रे स्त्रोल यांनी दोन सैनिकांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. त्यात प्रथिनं भरपूर वाढलेली, पण पेशी वाढलेल्या नाहीत. जंतूंनी तिथे हल्ला केला असता तर पेशीही वाढल्या असत्या. हीच खूण आजही निदानाला उपयोगी पडते, फक्त पहिल्या आठवड्यात ती कधी कधी दिसत नाही. ते दोघे सैनिक सुधारले. स्त्रोल यांचं नाव मात्र आजाराच्या नावातून गळून पडलं. तिघांनी मिळून लिहिलेल्या कामाचं श्रेय असंही वाटलं जातं.

(दृश्य : आरेखन. नस, तिच्यावरचं आवरण.)

आता नसांना होतं काय? आपली नस विजेच्या वायरीसारखी असते : आत संदेश नेणारा तंतू, वर मायलिनचं वेष्टण. जीबीएसच्या एका प्रकारात वेष्टण सोलवटतं, दुसऱ्यात थेट तंतूवर घाव बसतो. घाव घालते ती आपलीच प्रतिकारशक्ती. दोन-तृतीयांश रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत कसला तरी संसर्ग होऊन गेलेला असतो. कधी सर्दी-खोकला, कधी पोट बिघडलेलं. नसा दुखावणारी प्रतिकारशक्ती त्या संसर्गाशी लढायला जागी झालेली असते.

या संसर्गांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा जंतू म्हणजे कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय. कोंबड्यांच्या आतड्यात तो सुखानं राहतो, कोंबडीला त्याचा त्रास होत नाही. माणसाच्या पोटात मात्र काहीशे जंतू गेले तरी जुलाब, ताप, पोटात मुरडा. दोन ते पाच दिवसांत त्रास सुरू होतो आणि आठवडाभरात बहुतेक जण आपोआप बरे होतात. पण या जंतूच्या काही जातींच्या बाहेरच्या कवचावर साखरेच्या अशा साखळ्या असतात, ज्या आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या घटकांशी हुबेहूब जुळतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला ओळखून चिकटणारी प्रथिनं, बनवतं. जंतू निघून जातो, प्रतिपिंडं रक्तात फिरत राहतात आणि नसांवर तीच साखळी दिसताच तिथेही चिकटतात. म्हणून जुलाब आणि लुळेपण यांच्यात एक ते तीन आठवड्यांचं अंतर पडतं.

या जंतूची बाधा झालेल्या हजारात साधारण एकालाच जीबीएस होतो. हा हिशेब उलटा करून बघा. एका पट्ट्यात जीबीएसचे इतके रुग्ण सापडत असतील, तर तिथे जुलाब किती घरांत होऊन गेले असतील? ते कुणी मोजले नाहीत. जुलाबाची बातमी होत नाही.

(दृश्य : खडकवासला धरण. मग नांदेड गाव, मोठी विहीर, जलवाहिन्या.)

पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले, तेव्हा काहींत हाच कॅम्पायलोबॅक्टर सापडला, काहींत पोट बिघडवणारा नोरोव्हायरस. नकाशावर रुग्णांची घरं मांडली तर ती नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी, धायरी अशी एका भागात दाटलेली. यातली बरीच गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. इमारती दहा-दहा मजली झाल्या, पत्ता पुण्याचा झाला, पाणी मात्र गावाचंच राहिलं. पुण्याच्या जुन्या पेठांत पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून गाळून येतं. इथल्या मोठ्या भागाला ते विहिरीतून, फक्त क्लोरीन मिसळून मिळत होतं. कमी पडलं की टँकर. पिण्यासाठी वीस लिटरचे जार, कोपऱ्यावरच्या आरओ केंद्रातून भरलेले. रुग्ण वाढल्यावर महापालिकेनं पाण्याचे नमुने घेतले आणि अशी काही खासगी केंद्रं बंद केली.

क्लोरीनसमोर कॅम्पायलोबॅक्टर टिकत नाही. पाणी उकळलं तरी मरतो. म्हणजे हा जंतू चिवट म्हणून पसरला नाही. ग्रामपंचायतीत काम केलेल्या कुणालाही टीसीएल, म्हणजे पाण्यात घालायची ब्लीचिंग पावडर, आणि ओटी चाचणी माहीत असते : बाटलीत नळाचं पाणी घ्यायचं, ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, हा नियम आहे. टाकीजवळ घातलेलं क्लोरीन गळक्या वाहिनीच्या टोकाला पोचेपर्यंत संपलेलं असतं. ही चाचणी रोज, शेवटच्या नळावर करणं हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं उद्घाटन करता येत नाही. माझ्या मते पुण्यातल्या साथीचं मूळ या कंटाळ्यात जास्त आहे, जंतूत कमी.

त्या काळात कोंबडीवर मात्र लोकांचा राग निघाला. चिकनची विक्री घटली, पनीर खावं की नाही यावर मोबाइलवर निरोप फिरले. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये हा जंतू उरत नाही. कच्चं चिकन धुताना उडालेलं पाणी, त्याच सुरीनं चिरलेली काकडी, न तापवलेलं दूध, धोका तिथे असतो. आणि जीबीएस रुग्णाच्या शेजारी बसून होत नाही. तरीही शेजाऱ्यांनी भेटायला यायचं टाळलं, अशा घरांना हे ठासून सांगायला हवं.

असं फक्त पुण्यात घडलं असंही नाही. उत्तर चीनच्या खेड्यांत उन्हाळ्यात मुलं लुळी पडायची; तिथेही तपासाअंती हाच जंतू पुढे आला. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं २०२३ मध्ये जीबीएसमुळे देशभर आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ मध्ये झिका विषाणूच्या साथीमागोमाग जीबीएस वाढला.

(दृश्य : आयसीयू. सलाईनच्या दांडीवर लटकलेली काचेची बाटली.)

उपचार दोन आहेत आणि दोन्ही सारखेच परिणामकारक. एकात रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून त्यातला प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, बदलतात, म्हणजे त्यातली प्रतिपिंडंही निघून जातात. दुसऱ्यात आयव्हीआयजी देतात : हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडं, रुग्णाच्या घातक प्रतिपिंडांना आवर घालण्यासाठी, शिरेतून, सहसा पाच दिवस. वजनाच्या दर किलोला एकूण दोन ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या, आणि एकेक बाटली हजारो रुपयांची. पुण्यात अनेक कुटुंबांनी पहिल्या आठवड्यातच उसनवारी केली. नंतर महापालिकेनं कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची सोय जाहीर केली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही या आजारावरचे उपचार मिळतात. स्टेरॉइडचा इथे उपयोग होत नाही. प्रतिकारशक्तीच्या इतर अनेक आजारांत ती चालतात, म्हणून नातेवाईक ‘तेवढं तरी द्या’ म्हणतात, पण चाचण्यांत ती निष्फळ ठरली आहेत.

ही औषधं आजार उलटा फिरवत नाहीत. आणखी नुकसान थांबवतात आणि बरं होणं लवकर सुरू करतात. अशक्तपणा दोन ते चार आठवड्यांत शिगेला पोचतो, मग काही काळ तिथेच थांबतो. हा थांबलेला काळ कुटुंबाला सगळ्यात जड जातो. औषध संपलंय, बिल वाढतंय आणि हात हलत नाही. डॉक्टर ‘वाट बघा’ म्हणतात, आणि खरोखर तेच करायचं असतं. कुशीवर वळवणं, सांधे हलवत ठेवणं, पायात गुठळी होऊ न देणं, या जोडीला.

(दृश्य : फिजिओथेरपी विभाग. समांतर दांड्या, पायाला लावलेला आधार.)

नुसतं वेष्टण गेलं असेल तर ते काही आठवड्यांत पुन्हा चढतं. तंतू तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंत जवळपास मीटरभर अंतर. म्हणून हात आधी सुधारतात, मांड्या त्यानंतर आणि पाऊल सगळ्यात शेवटी. पाऊल खाली लोंबतं, चालताना चप्पल अडकते, त्यासाठी प्लास्टिकचा आधार देतात. बहुतेक जण पुन्हा चालतात, पण पाचातल्या एकाला सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालता येत नाही. चालणाऱ्यांपैकी अनेकांना दुपारनंतर गळून गेल्यासारखं होतं. तो थकवा तपासणीत दिसत नाही. कामावर रुजू झाल्यावर ‘आता तर बरा दिसतोस’ असं ऐकावं लागतं आणि अर्ध्या दिवसाची रजा मागायची चोरी होते. फिजिओथेरपिस्ट त्यांना सांगतात, व्यायाम थोडा करा पण रोज करा, आणि दमायच्या आधी थांबा.