माहितीपत्रकातले चार आणि घरातले पावणेतीन

(दृश्य: इंग्लंडमधलं न्यूकॅसल. भिंतीला भिंत लागून विटांची जुनी घरं. एका परसात भिंतीलगत पांढरी पेटी, आत पंखा फिरतोय.)

ही पेटी म्हणजे घर तापवणारा हीट पंप. दिसते एसीच्या बाहेरच्या युनिटसारखी. तंत्रही तेच, फक्त उलट्या दिशेनं. एसी घरातली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून रेडिएटरच्या पाण्यात सोडतो. एक युनिट वीज घाला, तीन-चार युनिट उष्णता घ्या, असं माहितीपत्रक म्हणतं. चाचणीगृहात ते खरंही ठरतं. राहत्या घराचं काय?

2010 मध्ये ऊर्जाबचतीवर काम करणाऱ्या एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट या संस्थेनं ब्रिटनमधल्या 83 हीट पंपांच्या मोजणीचा अहवाल काढला. हवेतून उष्णता घेणाऱ्या अनेक पंपांचा आकडा, म्हणजे एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता, दोनच्या आसपासच घुटमळत होता. पुढे सरकारनं 742 घरांत पंप बसवून मोजणी करवली, त्यात अगदी जुनी घरंही होती. या वेळी वर्षभराचा मधला आकडा 2.8 च्या जवळ गेला. जर्मनीत फ्राउनहोफर या संशोधन संस्थेनं जुन्या घरांत मोजलं, तिथे हवेवरच्या पंपांची सरासरी 3.1 आली. जमिनीतून उष्णता घेणाऱ्यांची तर 4.1.

पण सरासरीत फार अडकू नका. खरी गोष्ट घराघरांतल्या फरकात आहे.

(दृश्य: भिंतीवरचं नियंत्रक, पडद्यावर 55. मग रेडिएटरवर टेकलेला हात.)

हा 55 म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान. ते जितकं जास्त, तितका कॉम्प्रेसर दमतो आणि वीज खातो. 40 अंशांवर भागवायचं, तर रेडिएटर मोठे हवेत. बसवणाऱ्यानं खोलीगणिक हिशेब न करता जुनेच ठेवले, की पाणी तापवत राहण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. शिवाय गॅसच्या बॉयलरची सवय झालेल्या माणसाला कोमट रेडिएटर म्हणजे बिघाडच वाटतो. तो पाण्याचं तापमान वाढवतो, किंवा पंप दिवसभर बंद ठेवून संध्याकाळी एकदम जोरात चालवतो. हीट पंपाला मात्र मंद आणि सलग चालणंच मानवतं.

(दृश्य: पेटीतून वाफेचा लोट.)

आग नाही, घाबरू नका! दमट थंडीत पेटीवर बर्फ साचतो. तो वितळवायला पंप काही मिनिटं उलटा फिरतो. त्यात थोडी उष्णता खर्ची पडते, पण पंप गारठ्यात बंद पडतो ही समजूत मोजणीत टिकली नाही. त्या 742 घरांत सर्वांत थंड दिवसांतही मधला आकडा 2.4 च्या आसपास होता.

आता बिल. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट पडतं. चांगला बॉयलर एक युनिट गॅसमधून साधारण 0.9 युनिट उष्णता देतो. म्हणजे बरोबरी साधायलाच पंपाला साडेतीनच्या घरात जावं लागतं. 2.8 वाल्या घरात कार्बन उत्सर्जन घटतं, खर्च घटेलच असं नाही. पूर्वी साध्या विजेच्या हीटरवर घर तापवणाऱ्यांचं बिल मात्र चांगलंच उतरतं.