बाबांच्या हातचा घास

"बाळ नीट जेवतं का?" दवाखान्यात हा प्रश्न आईकडे बघूनच विचारला जातो. शेजारी बाबा बसलेले असले तरी त्यांच्याकडे कुणी वळत नाही. बाळाच्या आहाराचे वर्ग भरतात तेही बहुतेक वेळा बाबा कामावर असताना. ऑनलाइन वर्गामुळे निदान वेळेची अडचण तरी सुटते. काम आटोपून, रात्री, घरच्या स्वयंपाकघरात उभं राहून शिकता येतं.

फोन डब्याला टेकवून ठेवलाय. पलीकडून आहारतज्ज्ञ ताई सांगतायत आणि बाबा उकडलेली गाजराची फोड चिमटीत दाबून बघतायत. सहज चिरडली गेली, म्हणजे बाळाच्या हिरड्यांना जमेल. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायच्या, कारण अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाही नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे कोवळ्या आतड्यात विष तयार होऊ शकतं.

6 महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करा आणि आईचं दूध 2 वर्षं किंवा त्यापुढेही चालू ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढं बाबांना चटकन पाठ होतं. खरी कसोटी लागते ती ताटासमोर.

लेकीनं तोंड फिरवलं. चमचा तिथेच थांबला. "एवढा एकच घास" अगदी ओठांवर आलंय, पण बाबा गप्प राहतात. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही वाटणी फार नेमकी मांडलीय: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. काळजीपोटी घास कोंबणाऱ्या माणसाला हे फार जड जातं. पण पोट भरल्याची खूण मुलाला आतून कळते, ती त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. नावडलेली भाजी काही दिवसांनी पुन्हा ताटात येऊ द्या. चव अंगवळणी पडायला कधी आठ-दहा वेळा लागतात, कधी त्याहून जास्त. आणि तीच भाजी बाबांनी स्वतः तिच्यासमोर खायला हवी.

वर्ग बाबांचा आहे, लेकीचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय. म्हणून जेवताना फोन दुसऱ्या खोलीत.

पुढच्या वर्गात बाबा सांगतील, तिनं कशाला हात लावला, काय चाखलं, काय थुंकलं. थुंकलेलंही सांगायचंच, पुढच्या वेळी फोड आणखी मऊ करायची की नुसता आकार बदलायचा, हे ताई त्यावरूनच ठरवतात.