मुळापर्यंत पाणी

हा निळा रंग बघा. फ्लशच्या टाकीत खायचा रंग थोडासा टाकला, 15 मिनिटं कुणी फ्लश केला नाही, तरी खाली भांड्यात निळं पाणी उतरलंय. म्हणजे आतला रबरी वॉशर गेलाय आणि टाकी दिवसरात्र गळतेय, आवाज नाही काही नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. दुष्काळात सगळे आधी आंघोळीच्या पाण्यावर येतात, पण त्याच्याही आधी हे बघा. मग सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा, तासाभराने परत बघा, आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय.

आता बागेत येऊ. भर उन्हात पाइपने पानांवर पाणी मारलं की झाड टवटवीत दिसतं खरं, पण माती उकरली की कळतं, वरचा बोटभर थर ओला आणि खाली सगळं कोरडं. रोज असं वरवर पाणी दिलं की मुळंही वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं तरी झाड मान टाकतं.

आता हे मडकं. साधं भाजलेलं, बाहेरून रंग किंवा ग्लेझ म्हणजे चकचकीत लेप नसलेलं, आणि तळाला भोक अजिबात नको. गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाणी भरायचं आणि वर झाकण, नाहीतर डास होतात आणि पाणीही उडून जातं. भोवतालची माती सुकली की ती मडक्याच्या बारीक छिद्रांमधून पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणंही आपोआप मंदावतं, टायमर नको, वीज नको. चीनमधे ही पद्धत 2000 वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे आणि आजही मला याच्याइतकी शहाणी पद्धत दुसरी दिसत नाही! फक्त रोप मडक्याला अगदी लागून लावा, ओल फार लांब जात नाही. पाणी जड असेल तर क्षार बसून छिद्रं बुजतात, तेव्हा मडकं काढून ब्रशने घासा किंवा बदला.

झाडाभोवतीच्या मातीवर सुक्या पानांचा 2-3 इंच थर द्या, खोडाला चिकटवू नका.

वॉशिंग मशीनच्या शेवटच्या रिन्सचं पाणी झाडांना चालतं, पहिलं नको, त्यात पावडरचे क्षार जास्त असतात. रिन्सचं पाणी साठवूनही ठेवू नका, दिवसभरात वास मारायला लागतं. आणि कच्च्या खायच्या भाज्यांना तर नाहीच.



आणि एवढं करूनही पाणी सगळ्या झाडांना पुरत नसेल तर आधी मोठी झाडं वाचवा, लॉन पिवळं पडू द्या, मुळं जिवंत असली तर पाऊस आल्यावर ते बहुतेक वेळा परत हिरवं होतं, मोठं झाड गेलं की गेलं.