आज रात्रीचा डाव

[येळ्ळूर. पहाट. राजहंसगडाची तटबंदी, खाली धुकं.]

बेळगाव शहराच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या माथ्यावर हा राजहंसगड. तट नीट बघून ठेवा. थोड्या वेळानं हाच तट मातीचा होऊन गल्लीत दिसेल, तिथून कागदावर येईल आणि शेवटी मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर, एका खेळाच्या वेबसाइटवर.

[गोकाक. पावसाळा. पाण्याचा आवाज तसाच ठेवावा.]

गोकाकचा धबधबा. घटप्रभा इथं 52 मीटर, म्हणजे साधारण 170 फूट खाली उडी घेते. पर्यटकाला हा देखावा, आणि टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग, म्हणजे पात्र होऊन खेळायचा खेळ, खेळणाऱ्याला हा हिशेब. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत उंचावरून पडण्याचा नियम आहे: दर 10 फुटांना सहा बाजूंचा एक फासा. 170 फूट, म्हणजे सतरा फासे. सरासरी साठाच्या आसपास इजा. इजा सोसायला नवख्या पात्राच्या अंगात असतात जेमतेम दहा-बारा गुण. तेव्हा कठड्यापासून लांब उभं राहिलेलं बरं.

[फासे, अगदी जवळून. चार, सहा, आठ, दहा, बारा, वीस बाजू.]

या जातीचा पहिला छापील खेळ 1974 साली अमेरिकेत आला. मांडणी अजून तीच आहे. चार-पाच जण, कागद, पेन्सिल, फाशांचा संच. एक जण सूत्रधार. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारे आपण काय करतो ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. नियम सगळ्यांना सारखेच असतात. पण डाव कुठल्या मुलखात घडतो, तिथं कोण राज्य करतं, पाऊस किती महिने, मीठ कुठून येतं, हे सगळं म्हणजे सेटिंग. आपण त्याला खेळविश्व म्हणू.

या फिल्ममधलं खेळविश्व सीमाभागातून उचललेलं आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, हलशीची कदंबकालीन देवळं, चोर्ला घाटाची वळणं, बेळगावच्या किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. त्यातल्या गावांची नावं कुठं ‘वाडी’वर संपतात, कुठं ‘हट्टी’वर, कुठं ‘कोप्प’वर. ते लिहून काढणं कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून ते इथं नाही. इथं आहे त्यानंतरचं काम: हे जग ज्यानं कधी ऐकलं नाही, त्याच्यापर्यंत ते वेबसाइटवरून पोचवायचं कसं.

[गल्ली. दिवाळीचा किल्ला. लाल मातीत बुडवलेलं गोणपाट.]

सुरुवात संगणकापासून नाही. ती इथून होते.

खाली विटा आणि दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचं, आणि त्यावर लाल मातीचा पातळ राडा ओतायचा. उतारावर अळीव पेरायचे. हा किल्ला चार फूट लांब, तीन फूट रुंद. यात नवं काही नाही, इथली पोरं दर दिवाळीला हेच करतात. नवी आहे ती वर ताणलेली दोऱ्याची जाळी: इंचा-इंचावर एक दोरा. खेळाच्या नकाशात एक इंच म्हणजे 5 फूट. म्हणजे हा मातीचा किल्ला 48 घरं लांब आणि 36 घरं रुंद. खेळातलं माप 240 फूट बाय 180 फूट. बुरुजापासून दरवाजापर्यंत किती घरं, हे आता बोटानं मोजता येतं.

[स्टुलावर उभं राहून मोबाइलनं वरून फोटो.]

फोटो वरून, आणि सरळ खाली बघून. सकाळी नऊच्या आत, कारण तिरक्या उन्हात तटाची सावली पडते आणि उंची कळते. दुपारी बाराला हाच किल्ला पोळीसारखा सपाट दिसतो. मोबाइलची रुंद लेन्स वापरायची नाही. तिनं कडा फुगतात, बाहेरचे दोरे वाकडे येतात आणि घरं मोजता येत नाहीत. उंच चढायचं आणि दुप्पट झूम घ्यायचा. दोऱ्याची जाळी लावून एक फोटो, काढून एक. मोबाइल मधे हलू द्यायचा नाही.

[ट्रेसिंग पेपर. पेन्सिल. तटाची रेघ.]

या फोटोवरून नकाशा गिरवला जातो. आणि इथंच बहुतेकांची पहिली चूक होते: गावांची, बुरुजांची, विहिरींची नावं चित्रातच लिहिली जातात. संगणकावर ती छान दिसतात. पण 1600 पिक्सेल रुंदीच्या चित्रातलं 24 पिक्सेलचं अक्षर 360 पिक्सेलच्या मोबाइलवर साडेपाच पिक्सेलवर येतं. ते मुंगीलाही वाचता येणार नाही. शिवाय चित्रातलं नाव शोधयंत्राला सहसा दिसत नाही, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्याला त्याचा मोबाइल ते नीट वाचून दाखवेलच असं नाही.

म्हणून चित्रात फक्त आकडे. एक ते नऊ. प्रत्येक आकडा बोटाला सापडेल एवढा, मोबाइलच्या पडद्यावर निदान 48 पिक्सेलचा. खाली त्याच क्रमानं नावं आणि दोन-दोन ओळी, साध्या मजकुरात. मोबाइलमधला मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो. साइटवर जाते ती 1600 पिक्सेल रुंद वेबपी (हलक्या चित्रफाइलचा प्रकार) प्रत, 300 केबीच्या आत. छापायची मोठी प्रत वेगळी, ती मागेल त्याला.

[लॅपटॉप. जुनं पहिलं पान. वरून खाली सरकत जाणारा मजकूर.]

हे पहिल्या पानाचं जुनं रूप. सुरुवात आहे ‘तीन हजार वर्षांपूर्वी’नं. मग राजवंशावळ, मग देवदेवता, मग पंचांग. पाठीमागे जुन्या कागदाचं तपकिरी चित्र, त्यावर तपकिरी अक्षरं. लिहिणाऱ्याला हे सगळं प्रिय असतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण लिंक उघडणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: यात मी कोण, आणि मला करायचंय काय?

[नवं पान. तीन ओळी. एक बटण.]

हे नवं. पडद्यावर वाचा.

‘पावसानं घाट बंद. गडावरचं मीठ संपलं. तुम्ही पाच जण, तीन बैल आणि एक खोटा परवाना.’

वंशावळ नाही, देव नाहीत. अडचण आहे, माणसं आहेत, आणि भानगड आहे. त्याखाली एकच बटण: ‘आज रात्री खेळा’. या साइटची सगळी रचना त्या बटणासाठी आहे. संध्याकाळी सहाला कुणी व्हॉट्सॲपवर लिंक धाडली, तर नऊला डाव बसला पाहिजे. ज्या पानानं त्याला मदत होत नाही ते पान मागे जातं. इतिहास राहतो, पण चौथ्या दारामागे.

[झेरॉक्सचं दुकान. यंत्रातून बाहेर येणारी पानं.]

बटण दाबलं की ही पीडीएफ उतरते. ए-फोर आकाराची आठ पानं, पाठपोट छापली की चार कागद. एक पान नियमांचं. तीन पानं प्रसंगाची. एक नकाशा. उरलेल्या तीन पानांवर पाच तयार पात्रं, पानाला दोन. सुटलेल्या अर्ध्या पानावर गावांच्या आणि माणसांच्या नावांची यादी, कारण सूत्रधार अडकतो तो हमखास नावापाशी. खेळणारा विचारतो, ‘या हमालाचं नाव काय?’ आणि सूत्रधाराच्या तोंडून फट्‌दिशी ‘राजू’ निघतं. पाच हमाल, पाचही राजू.

पानं काळी-पांढरीच. पाठीमागे रंग नाही, राखाडी छटा नाही. झेरॉक्समध्ये छटेचे डाग होतात आणि नकाशातली विहीर खड्डा होऊन बसते. एक प्रत आधी खरोखर दुकानात काढून बघायची. पडद्यावरून हे कळत नाही.

[पडदा, खूप जवळून. ‘दऱ्या’ हा शब्द.]

आता अक्षर. मराठी साइटचा जीव इथं जातो, आणि इंग्रजीतलं कुठलंच मार्गदर्शन इथं कामाला येत नाही.

शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवलं, की शिरोरेषा तुटते. पडद्यावर बघा: शब्द नाही, दात पडलेली कवळी. देवनागरीत अक्षरांतलं अंतर शून्यच ठेवायचं; मोठं दिसायला हवं असेल तर अक्षर मोठं करायचं. मजकूर 18 पिक्सेल, ओळीची उंची अक्षराच्या 1.7 पट. त्याहून कमी केली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

हा शब्द, ‘दऱ्या’. तो संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्ता असलेला र, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. पण साइटच्या शोधखिडकीत एका तऱ्हेनं टाइप केलं तर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं पान सापडत नाही. घाटमाथ्याच्या जगात दऱ्या सापडल्या नाहीत तर उरतं काय? उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा: सगळा मजकूर एकाच तऱ्हेत बदलून घ्यायचा, आणि शोधखिडकीत आलेला शब्दही आधी त्याच तऱ्हेत बदलायचा.

मजकूर छपाईच्या जुन्या डीटीपी फॉन्टातून आणला असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासायची. ‘धर्म’चा रफार नेमका शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. पानाची भाषा मराठी म्हणून कोडमध्ये लिहायची, नाहीतर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे काढतात. आणि फॉन्टची फाइल हलकी करताना जोडाक्षरं कापली गेली नाहीत ना, ते बघायचं. ‘लढाऊ बैलगाड्या’ लिहून बघा. ड्य फुटला, की फॉन्ट परत.

फॉन्ट दोनच. एक मजकुराला, एक शीर्षकाला. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आहेत: मुक्ता आहे, बलू आहे, नोटो आहे. तलवारीसारखी टोकं असलेली अक्षरं नकोत.

[जांबोटी रस्ता. पाऊस. मोबाइलवर गोल फिरणारी खूण.]

खानापूर तालुक्याचा पश्चिमेचा जंगलपट्टा. ही खूण किती वेळ फिरते, बघत राहा.

शहरातल्या वायफायवर साइट तपासून उपयोग नाही. ब्राउझरमध्ये जाळं मुद्दाम संथ करून बघण्याची सोय असते, ती वापरायची. पहिल्या पानाचं सगळं ओझं मिळून 500 केबी. फॉन्ट, चित्र, कोड, सगळं धरून. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, हा गूगलचाच निकष आहे. म्हणून आपोआप सुरू होणारा व्हिडिओ गेला. हलणारी मशाल गेली. पार्श्वसंगीतही गेलं, आणि ते बरंच झालं. पानं साधी, आधीच तयार करून ठेवलेली, डेटाबेस नाही. अशी साइट फुकटच्या होस्टिंगवरही नीट चालते.

[व्हॉट्सॲपचा पडदा. लिंकखाली उमटलेली चौकट.]

लिंक पाठवली की खाली ही चौकट येते. तिच्यातलं चित्र 1200 बाय 630 पिक्सेलचं, वेगळं करून ठेवायचं. वर्णनाची ओळही स्वतः लिहायची. ती रिकामी ठेवली तर पानातलाच मजकूर उचलला जाऊ शकतो. सूत्रधाराच्या पानाची लिंक गटात पडली, आणि चौकटीत दिसलं: ‘कारकूनच फितूर आहे.’ झाला डाव. सूत्रधाराची पानं म्हणूनच वेगळी ठेवायची, त्यांच्या दाराशी स्पष्ट पाटी लावायची, आणि शोधयंत्रांना ती नोंदवू नका असं कोडमध्ये सांगायचं.

पत्ता रोमन लिपीतच ठेवलेला बरा. ‘किल्ला’ हा एवढासा शब्द देवनागरीत पत्त्यात घातला, तर कॉपी केल्यावर त्याची 54 चिन्हं होतात: सहा युनिकोड चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटला टक्क्याच्या खुणेसह तीन जागा.

[भाषेची तीन बटणं.]

मराठी, कन्नड, इंग्रजी. प्रत्येक नाव आपापल्या लिपीत. झेंड्यांची चित्रं नाहीत. भाषा झेंड्यानं दाखवायची रीत इतर कुठं खपत असेल. सीमाभागात तो भलताच विषय होतो. कन्नड पान यंत्रानं भाषांतर केलेलं नको. या जगातली माणसं बाजारात एका वाक्यात मराठी आणि पुढच्यात कन्नड बोलतात. हिशेब एकात, शिवी दुसरीत. तेव्हा कन्नड लिहिणारा हात कन्नडच हवा. इंग्रजी पान सर्वांत शेवटी केलं आणि सर्वांत छोटं ठेवलं. मूळ मराठी आहे, ते मराठीसारखंच वाचलं गेलं पाहिजे. ‘राडा’ किंवा ‘गोणपाट’ यांना तळटीप फक्त इंग्रजी पानावर.

शोधणारे मात्र दोन्ही नावांनी शोधतात. शहराचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी आहे, आणि तोंडात बेळगाव. वर्णनाच्या मजकुरात दोन्ही आली पाहिजेत.

परवान्याचं थोडक्यात. पाचव्या आवृत्तीचा 5.1 हा नियमसंदर्भ जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश 4.0 परवान्याखाली मोकळा झाला. त्यातले नियम वापरता येतात, विकताही येतात. श्रेयाची ओळ जशीच्या तशी छापावी लागते, आणि मूळ खेळाचं बोधचिन्ह लावता येत नाही. चित्रकाराशी लेखी बोलणं आधी. देवस्थानांची आणि इतिहासातल्या माणसांची नावं राक्षसांना देऊ नयेत. हे परवान्यात लिहिलेलं नसतं.

साइट सुरू झाली, पीडीएफ उतरवली जाते, आणि नकाशातल्या सात नंबरच्या विहिरीबद्दल विचारणा येते.

[रात्र. टेबल. दिवा, चार कागद, पानावर कुंदा. पाच जणांचे हात.]

नऊ वाजून गेलेत. झेरॉक्सची पानं तेलकट झालीत. मधोमध नकाशा, त्यावर बैलांच्या जागी तीन शेंगदाणे. परवाना खोटा आहे, हे चौकीवरच्या शिपायाला कळलं की नाही, ते आता वीस बाजूंच्या फाशावर आहे.

[फासा सुटतो. निवेदन इथं थांबतं. आवाज फक्त टेबलाचा.]