हातचा न आलेली संख्या

मंडळी, फळ्यावरची ही संख्या सतरा अंकी आहे: 12345678987654321. उलटी वाचली तरी तीच. नऊ वेळा 1 लिहून, म्हणजे 111111111 चा, वर्ग केला की ही मिळते. व्हॉट्सॲपवर ती ‘चमत्कार’ म्हणून फिरते. मला ते पटत नाही, कारण सगळं गुपित शाळेतल्या उभ्या गुणाकारात आहे.

तो गुणाकार मांडून बघा. तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवलेली. आता रकाने बेरजा. उजव्या टोकाला एकच 1, शेजारी दोन, मग तीन, मधोमध नऊ, आणि तिथून पुन्हा उतरण. सगळ्यात मोठी बेरीज 9, म्हणून कुठेच हातचा येत नाही. बस, एवढंच! दहा वेळा 1 घेतलेत की मधल्या रकान्यात 10 भरतात आणि उत्तर येतं 1234567900987654321. डौल गेला.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हणाले ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म 1905 चा, डहाणूचा, देवळालीला शाळामास्तर. 6174 वाले कापरेकर ते हेच (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी 6174 च येते). जी.आय.पी. रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, डेम्लो स्टेशनवर कल्पना सुचली, म्हणून हे नाव. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! आज संध्याकाळी सहाच्या फास्ट लोकलमधून तिथे उतरताना कुणाला वर्ग सुचत असतील, तर त्याला माझा नमस्कार.

आता मला जास्त आवडणारा भाग. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज 81, आणि 81 ने तिला नि:शेष भाग जातो. असा स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकर ‘हर्षद’ म्हणत. भागाकार येतो 152415789971041, आणि तो वर्ग आहे 12345679 चा. नीट बघा, यात 8 नाही.

8 गेला कुठे? 1 ला 81 ने भागा: 0.012345679012345679... खरं तर इथे एकेका घरात 0, 1, 2, 3 असे आकडे ओळीने बसायला निघालेले असतात. 9 च्या पुढच्या घरात 10 येतात, त्यांचा हातचा 9 ला मिळून तिथेही 10 होतात, आणि तो हातचा 8 ला 9 करून टाकतो. वर्गात हातचा आला नाही म्हणून आकडे शाबूत राहिले. इथे आला आणि 8 गिळला.

राहिलेल्या आठ अंकांची बेरीज 45 वजा 8, म्हणजे 37. आणि 12345679 चे अवयव पाडलेत तर 37 गुणिले 333667. म्हणजे हीसुद्धा हर्षद! 37 अवयव का, ते सांगता येतं: 12345679 ची नऊपट म्हणजे आपले नऊ एक, 111111111; 111 म्हणजे 3 गुणिले 37, आणि नऊ एकांमध्ये 111 तीनदा बसतो. पण अंकांची बेरीजही नेमकी 37 च यावी, हा मी निव्वळ योगायोग मानतो. कुणाला कारण सापडलं तर चहाच्या वेळी मला गाठा.