झासिस : हंसाचं बाल्टिक नाव

(दृश्य: पाण्याखाली गेलेली कुरणं, वरून जाणारे थवे)

लिथुआनियाच्या पश्चिमेला नेमुनास नदी समुद्राकडे जाताना फाटे फोडते. वसंतात तिथली कुरणं पाण्याखाली जातात आणि उत्तरेकडे निघालेले रानहंस (इंग्रजीतले ‘गीज’) हजारोंनी उतरतात. लिथुआनियन या बाल्टिक भाषेत एक हंस म्हणजे झासिस, अनेक म्हणजे झासीस. झ इंग्रजी ‘मेझर’मधला. शेवटची इ दीर्घ झाली, आघात मागे सरकला, की झालं अनेकवचन.

हे नाव आपल्या घरातलं आहे. संस्कृत हंस, जर्मन गान्स आणि झासिस ही एकाच मूळ शब्दाची लेकरं. संस्कृतात जिथे ह आला, तिथे लिथुआनियनमध्ये झ येतो. आपलं हिम, त्यांचा झिएमा, म्हणजे हिवाळा.

मग हंसातला अनुस्वार कुठे गेला?

(दृश्य: छापील शब्द, पहिल्या स्वरावर कॅमेरा थांबतो)

नीट बघा. पहिल्या स्वराच्या अक्षराखाली बारीकशी शेपटी आहे. तिला म्हणतात नोसिने. नोसिस म्हणजे नाक. एकेकाळी हा स्वर नाकातून निघे. स-च्या आधीचा न गळाला, स्वर लांबला, आणि आज ऐकू येतो तो निव्वळ आ. लिहिताना मात्र शेपटी काढावीच लागते. आपणही ‘नांव’, ‘गांव’ असं लिहीत होतो. 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे ते अनुस्वार गेले. लिथुआनियनांनी आपली खूण ठेवली, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

शेजारच्या लॅटव्हियनमध्ये हाच पक्षी झुओस्स, पण तिथला झ इंग्रजी ‘झू’मधला. तिथे न-ची खूणही उरली नाही. लोप पावलेल्या जुन्या प्रशियन या बाल्टिक भाषेच्या, एल्बिंग नावाच्या जुन्या शब्दसंग्रहात मात्र ‘सान्सी’ असा न शाबूत आहे.

व्याकरणात आणखी जुनी गोष्ट दडली आहे. झासिस हा इकारान्त वर्गातला स्त्रीलिंगी शब्द. त्याच वर्गातली मेंढी, अविस (संस्कृतात अवि), षष्ठीच्या अनेकवचनात ‘अव्यू’ होते. त्या चालीवर हंसांचं ‘झास्यू’ व्हायला हवं. पण बरोबर रूप आहे ‘झासू’. मधला य नाहीच. कारण हा शब्द मुळात व्यंजनान्त होता. इकारान्तांच्या पंगतीत तो मागाहून येऊन बसला. लॅटव्हियनमध्येही अशा य-मुळे नियमाने स-चा श व्हायला हवा होता, तरी तिथेही ‘झुओसु’च म्हणतात.