कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसातनं कुडाळपर्यंत आलात, मालवण-वेंगुर्ल्याकडची पण बरीच मंडळी दिसतायत, बरं वाटलं. आता गणपती तोंडावर आले, चाकरमानी यायला लागतील, आणि मे महिन्यापासून पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या बुलेट, येझदी, आरएक्स हंड्रेड एकेक करून बाहेर निघतील. आणि चार किका मारून गाडी चालू नाही झाली की स्क्रूड्रायव्हर थेट जातो तो कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, स्क्रूवर. मला आज मुख्य सांगायचंय ते एवढंच की तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा. आधी बघायचं की गाडी नेमकी कधी त्रास देते, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर किती उघडा असताना. ते कळलं की निम्मा फॉल्ट सापडला म्हणून समजा.

पण त्याच्याही आधी, फॉल्ट कार्बोरेटरचाच आहे का? आपल्याकडे खाऱ्या हवेनं अर्थिंगच्या जागा हिरव्या पडतात, पॉइंटवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचवर, गंज धरतो, आणि गाडी मिसिंग मारते ती अगदी कार्बोरेटरमध्ये कचरा असल्यासारखीच. गाडी थंड असताना मस्त चालते, गरम झाल्यावर बंद पडते आणि गार होईपर्यंत किक घेत नाही, असं असेल तर ठिणगीकडचे कंडेन्सर आणि कॉइल बघा, कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, खोलत बसू नका. पॉइंटचा गॅप फिलरगेजनं मोजा, या गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिलीमीटरच्या आसपास लागतो. प्लग नवा घाला, तो काही महाग नाही.

अजून एक खास पावसाळ्यातली गोष्ट. गाडी पाच-सहा किलोमीटर व्यवस्थित जाते, मग गुदमरून बंद पडते, थोडं थांबलात की परत चालू होते. अशा वेळी टाकीचं झाकण उघडून बघा, सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं बारीक भोक बंद झालंय. कुंभारीण माशी असल्या भोकात माती भरून घर करते, चार महिने गाडी उभी असेल तर हमखास. सायलेन्सरच्या तोंडात पण बघा.

आता कार्बोरेटर. हँडलच्या ग्रिपवर पांढरी टेप लावा आणि पाव, अर्धं, पाऊण अशा खुणा करा, शेजारी न फिरणाऱ्या भागावर एक खूण. मग गाडी चालवा आणि लक्ष ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना ते साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत काम पायलट जेटचं, म्हणजे सगळ्यात बारीक जेटचं, आणि हवा कमी-जास्त करणाऱ्या एअर स्क्रूचं. तिथून पावापर्यंत स्लाइडला, म्हणजे केबलनं वर-खाली होणाऱ्या दट्ट्याला, खालून जो काप असतो त्याचा जोर. पाव ते पाऊण निडलचा, म्हणजे त्या दट्ट्याला लटकलेल्या सुईचा, आणि त्याच्या पुढे मोठा, मेन जेट. या हद्दी एकमेकांत थोड्या मिसळतात, पण दिशा कळायला एवढं पुरतं. म्हणजे स्लोला, रेस न देता, गाडी उभी राहत नाही पण हायवेला सुसाट जाते, तर मेन जेट बदलून काय होणार? आणि अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरला झटके देत असेल तर एअर स्क्रू दिवसभर फिरवत बसलात तरी काही फरक पडायचा नाही.

जागा कळली की पुढचा प्रश्न, पेट्रोल जास्त होतंय की कमी. इथे दोन परीक्षा आहेत, पैसे लागत नाहीत. गाडी गरम आहे, त्रास देतेय, त्याच वेळी चोक अर्धा ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, आणखी बिघडली तर आधीच जास्त होतं. दुसरी, पेट्रोल कॉक बंद करून चालवत राहा, म्हणजे खालच्या चेंबरमधली, बाउलमधली, पातळी हळूहळू उतरते आणि मिश्रण पातळ होत जातं. बंद पडण्याआधी काही क्षण गाडी एकदम छान पळायला लागली, तर ती रिच, म्हणजे पेट्रोल जास्त घेऊन, चालत होती, मग फ्लोटची, म्हणजे बाउलमधल्या तरंगत्या भागाची, उंची आणि फ्लोटची सुई बघायची. ही दुसरी परीक्षा मला फार आवडते, कारण त्यात काही खोलावं लागत नाही आणि उत्तर कानाला ऐकू येतं. फक्त मोकळ्या रस्त्यावर करा, मागून एसटी येत असताना नको.

प्लगचा रंग बघायचा तर वळणावळणाच्या रस्त्यावर उपयोग नाही, देवगडसारख्या सड्यावरचा, कातळाच्या माळावरचा, सरळ पट्टा घ्या, ज्या खुणेला त्रास होतो तिथेच अ‍ॅक्सिलरेटर धरून थोडं अंतर जा, क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि कडेला घेऊन प्लग काढा. काळी काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, पेट्रोल कमी, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर. आत्ताच्या पेट्रोलला रंग लवकर धरत नाही, त्यामुळे एका प्लगवर निकाल देऊ नका.

उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेक वेळा तुंबलेला सापडतो तो पायलट जेट. त्याचं भोक केसाएवढं, पेट्रोल उडून गेलं की मागे राहणारा चिकट राळेसारखा थर ते बंद करतो. लक्षण ठरलेलं, चोक ओढून चालू होते, चोक सोडला की बंद. जेट काढून उजेडासमोर धरा, पलीकडे गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे, अर्धवट चंद्रकोर दिसली तरी साफ करायचा. आणि कृपा करून तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं होतं आणि मग ती गाडी कायमची रिच. कार्ब क्लीनर मारा, रात्रभर भिजू द्या, हवेनं फुंकून काढा, डोळ्याला चष्मा लावून. जेटबरोबरच बॉडीतल्या वाटा पण फुंकायच्या, नुसता जेट चकाचक करून मागची वाट बंद राहिली तर सगळी मेहनत फुकट.

हे सगळं झालं की मग एअर स्क्रू. हलक्या हातानं पूर्ण आत, तिथून दीड फेरी बाहेर, इंजिन गरम करा आणि थोडा थोडा फिरवून जिथे स्लो सगळ्यात वर जातो ती जागा धरा, मग स्लोचा स्क्रू कमी करा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर रिच होतं, इंजिनाच्या बाजूला असेल तर बरोब्बर उलट, बाहेर फिरवल्यावर रिच. जुन्या मिककार्ब कंपनीच्या कार्बोरेटरला तो हवेचाच असतो. स्क्रू जवळजवळ पूर्ण बंद केल्यावरच गाडी बरी वाटत असेल तर पायलट अजून तुंबलेला आहे किंवा कुठून तरी फुकटची हवा येतेय.

फुकटच्या हवेचं लक्षण म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर रेस पटकन खाली येत नाही. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या जोडावर थोडा कार्ब क्लीनर मारा, आवाज बदलला तर तिथून हवा जातेय. गरम सायलेन्सरवर मात्र उडू देऊ नका, पेट घेईल. नट आवळून आवळून फ्लँज, म्हणजे जोडाची सपाट पट्टी, वाकडा झालेला असतो, तो काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करायचा. टू-स्ट्रोक असेल आणि इथे काही सापडलं नाही तर क्रँकचं सील.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद झाला, आरएक्स हंड्रेडपण त्याच वर्षी थांबली. म्हणजे आपल्या हातातले कार्बोरेटर तीस-तीस वर्षं झिजलेले आहेत. स्लाइड बोटानं हलवून बघा, खडखड वाजत असेल तर स्लो कधीच स्थिर होणार नाही. निडल आणि तिचा जेट झिजला की अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरला पेट्रोल जास्त जातं, दोन्ही जोडीनंच बदला. आणि बाजारातल्या नव्या जेटवर नंबर बरोबर असला तरी भोक बरोबर असेलच असं नाही, म्हणून जुना कंपनीचा जेट टाकून देऊ नका, डबीत ठेवा.

पेट्रोलचं पण सांगतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. साध्या पेट्रोलला वजनानं एकाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तोच जेट ठेवला तर गाडी थोडी लीन होते, एअरकूल इंजिन जास्त तापतं. मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा, पण वरच्या परीक्षा करूनच, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे हवेत पाण्याला काय तोटा, त्यामुळे बाउलमध्ये पांढरी पूड धरते, जुने रबर फुगतात. पावसाआधी गाडी उभी करताना कॉक बंद करा आणि बाउल रिकामा करा. एवढ्यानं गणपतीतला अर्धा त्रास वाचतो.

मागून प्रश्न आलाय, आंबोलीचा घाट चढून वर गेलं की गाडी जड होते, तर जेट बदलायचा का. आंबोली साधारण ७०० मीटरवर, हवा सहा-सात टक्के पातळ, नीट ट्यून असलेल्या गाडीला तेवढ्यानं फारसं कळत नाही. कळतंय म्हणजे ती इथे खालीच रिच होती. आधी फिल्टर बघा, तिथल्या धुक्यात-पावसात ओला होतो. तो कोरडा असेल आणि त्रास अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरलाच असेल तर निडलची क्लिप एक खाच वर घ्या, म्हणजे निडल खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं, आणि परत कुडाळात आल्यावर प्लग काढून बघा, पांढरा पडला असेल तर क्लिप होती तिथे.